मुराळ्याची टाकी

सन २०२३. मला बहात्तरावं चालू होतं, आणि तोंडासमोर म्हातारा म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. पाठीमागे बोलणाऱ्यांना मी माणसांत धरत नाही.

समोर पहिला बोलला तो सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या नाक्यावरचा पंक्चरवाला. पन्नाशीचा माणूस, पोट पुढे, आणि पंक्चर काढायचा तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून. खुर्चीत बसून कोणी पाना चालवतो का? माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकाची हवा दोन दिवसांत उतरायची. मी जायचो, तो भरून द्यायचा. एक दिवस त्याने पाइप हातात घेतलाच नाही.

"काका, ट्यूब नवी नखावी दो," तो म्हणाला. "हवे आमां कांई नथी."

म्हणजे आता हिच्यात काही उरलं नाही. हे बोलताना तो ट्यूबकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी स्कूटर वळवली. ट्यूब बदलायची गरज होती की नव्हती हा विषय तिथेच संपला. गरज असती तरी आता बदलणार नव्हतो. मी चौथी शिकलेला माणूस. पण पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कोळशाच्या टोपलीपासून सुरुवात करून मी फिटर झालो, आणि पस्तीस वर्षं त्या मिलची हवेची लाइन माझ्या हाताखाली होती. डिप्लोमा केलेले साहेब बुटांना डाग लागू नये म्हणून चवड्यांवर चालत यायचे आणि मला विचारायचे, "काका, प्रेशर का पडतंय?" त्या माणसाला हा खुर्चीतला हवा नाकारतो!

मुलगा इच्छापोरला ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. त्याने मोबाइलवरून हवा भरायचं एक खेळणं मागवलं. साबणाच्या वडीएवढं. चार्ज करायचं, बटण दाबायचं, मग ते चावी दिलेल्या खेळण्यासारखं कुरकुरायचं. चौथ्या दिवशी त्यातून जळका वास आला आणि ते बंद पडलं. "वॉरंटी आहे," मुलगा म्हणाला. वॉरंटी म्हणजे बिघडणार हे बनवणाऱ्यालाच माहीत आहे. मी ते कपाटाच्या वर ठेवून दिलं. अजून तिथेच आहे.

मग मी माझं यंत्र बनवलं.

भंगारवाल्याकडून ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी आणली. लांबट, जाड पत्र्याची, खाली पाणी काढायचा कॉक असलेली. शेजारचे एक रिटायर क्लार्क कठड्यावरून वाकून म्हणाले, "घरातला गॅसचा रिकामा सिलिंडर का नाही घेत?" अशा माणसाच्या हाती माचिसही देऊ नये. हवेला हवेची टाकी लागते. एका जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, तो काळा भोपळ्यासारखा असतो तो. त्याची हवा बाहेर फेकणारी नळी एका कॉकमधून टाकीला जोडली. टाकीवर सेफ्टी वाल्व बसवला, दुसऱ्या तोंडाला कॉक आणि कॉकला रबरी पाइप. कॉम्प्रेसर घरीच राहायचा, कारण त्याला वीज लागते. टाकी घरी भरायची, नळीचा कॉक बंद करून कॉम्प्रेसरची नळी सोडवायची आणि टाकी स्कूटरवर बांधून कुठेही न्यायची. हवा बरोबर घेऊन फिरायचं. पंक्चरवाल्याच्या खुर्चीसमोरून.

"काटा नाही लावला?" मुलाने विचारलं. प्रेशरचा काटा.

"सेफ्टी वाल्व फुसफुसला की टाकी भरली. कान आहेत मला," मी म्हणालो. काटे त्यांच्यासाठी असतात ज्यांना मशिनचा आवाज कळत नाही.

आता जोडांचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं. पाइपाच्या आट्यांवर सफेद्याचा पांढरा घट्ट लेप लावायचा, वरून सूत गुंडाळायचं आणि मग पान्याने आवळायचं, ही मिलची रीत. आजकालची पोरं पांढरी टेप गुंडाळतात, पतंगाला शेपटी लावल्यासारखी. मिलमधून येताना सफेद्याचा एक डबा मी आणला होता, तो अजून ओला होता. सूत तर आमच्या घरात पायात येतं. सून घरी साड्यांचे लोंबते धागे कापायचं काम करते. दाराशी चमकत्या धाग्यांचा ढीगच असतो. त्यातलेच चार झुपके उचलले आणि चारही जोडांवर गुंडाळले.

बायको भाजी निवडत बघत होती. तिने पस्तीस वर्षं माझ्या तोंडून मिल ऐकली आहे. ती म्हणाली, "जोडांना साबणाचं पाणी लावून बघा. मिलमध्ये लावायचो म्हणता ना?"

"एवढ्याशा टाकीला साबण? तो कपड्यांना ठेव."

टाकी भरली, वाल्व फुसफुसला. गल्लीतल्या तीन स्कूटरींत आणि शेजारच्या एका सासू-सुनेच्या भाजीच्या हातगाडीच्या दोन चाकांत मी तिथल्या तिथे हवा भरून दाखवली. लोक जमले. रिटायर क्लार्क म्हणाले, "वा, इंजिनेर!" मी त्यांना इंजिनियर म्हणजे काय असतो ते सांगितलं असतं, पण बायका उभ्या होत्या.

हे सगळं नुसतं पंक्चरवाल्यासाठी केलं असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती.

आम्ही खानदेशातले. आमच्यात आखाजीला लेकी-बहिणी माहेरी येतात. भाऊ स्वतः सासरी जाऊन तिला घेऊन येतो, त्याला मुराळी म्हणतात. माहेरचं घर उरलेलं नसलं तरी भाऊ जिथे राहतो ते माहेर. माझी धाकटी बहीण चलथाणला राहते. तिचा नवरा तिथल्या साखर कारखान्यात होता, तो वारला. तीही तिथे ठेक्यावर साखरेच्या पोत्यांची तोंडं शिवायची. आईबाप गेल्यापासून दर आखाजीला मी तिला याच स्कूटरवर आणायचो. आईबापांच्या नावाची घागर भरायची, सांजोऱ्या करायच्या, चार दिवस राहायचं आणि मग मी सोडून यायचो.

मागच्या वर्षी मी गेलो नाही. मुलाला गाडी घेऊन पाठवलं. थंड हवेची गाडी, नवीन सीटकव्हर. बहिणीने त्याला जेवू घातलं, सांजोऱ्यांचा डबा दिला आणि गाडी रिकामी परत पाठवली. निरोप होता: मुराळी भाऊ असतो, ड्रायव्हर नाही.

मला राग आला. मी फोन केला नाही. तिनेही केला नाही. वर्ष गेलं. घागर तिच्याशिवाय भरली, आणि भरताना बायको माझ्याकडे बघत नव्हती.

या वर्षी बायको एवढंच म्हणाली, "तिला साखर झाली आहे. एका डोळ्याने कमी दिसतं. अजून किती आखाज्या मोजणार तुम्ही दोघं?"

"मी जातोय," मी म्हणालो.

"मुलाच्या गाडीने?"

"माझ्या गाडीने."

"मग ट्यूब बदलून घ्या."

ट्यूबचं नाव काढलं की मला तो खुर्चीतला दिसायचा. "टाकी कशाला बनवली मी?" म्हणालो. बायकोने जास्त बोलणं सोडून दिलं. तिने सोडून दिलं की मी जिंकलो असं मी धरायचो.

आखाजीच्या आदल्या दिवशी निघायचं होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी टाकी भरली, वाल्व फुसफुसेपर्यंत. नळी सोडवून टाकी स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीने बांधली. सकाळी बायको म्हणाली, "पुन्हा एकदा भरून घ्या."

"भरलेल्याला काय भरायचं?"

चाकात हवा भरलेली होती. नाक्यावरून जाताना मी मुद्दाम हळू गेलो. पंक्चरवाला खुर्चीतून बघत होता. मी मान वळवली नाही. त्याला टाकी दिसावी एवढंच पाहिजे होतं.

एप्रिलचं ऊन, सकाळी नऊलाच डांबर मऊ झालेलं. कडोदऱ्याचा चार रस्ता ओलांडला आणि मागचं चाक डुलायला लागलं. मला हेच तर पाहिजे होतं. रस्त्याकडेच्या एका उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबलो. पाच-सहा जण रस पीत होते. मी ऐटीत दोरी सोडली, टाकी खाली घेतली, पाइप चाकाच्या वाल्वला लावला आणि कॉक उघडला.

टाकीने एक उसासा सोडला. म्हातारं माणूस उठताना सोडतं तसा. आणि गप्प.

मी कॉक बंद केला, उघडला. टाकीवर बोट वाजवलं. रिकाम्या डब्यासारखी वाजली. रसवाला चरकाचं चाक थांबवून म्हणाला, "काका, गॅस खलास?"

कोणीतरी हसलं. त्यांना मी काय सांगणार होतो? तो गॅस नाही, हवा आहे, आणि मी पस्तीस वर्षं... टाकी परत बांधली आणि स्कूटर ढकलायला लागलो. चलथाण किलोमीटरभर राहिलं होतं. वाटेत एक पंक्चरचं दुकान लागलं. तिथला माणूस उठून उभाही राहिला. मी पुढे गेलो. एवढं सगळं करून पंक्चरवाल्याच्या दारात उभं राहायचं? त्यापेक्षा ऊन परवडलं.

बहीण ओट्यावर जुन्या साडीवर कुरडया वाळत घालत होती. तिने आधी स्कूटर बघितली, मग चाक, मग मला. वर्षाने भेटत होतो.

"मुराळी गाडी ढकलत येतो का रे भाऊ?" ती म्हणाली.

"पाणी दे आधी."

पाणी दिलं. मग टाकीकडे बोट करून, "हाई काय शे? सिलिंडर?"

"हवेची टाकी. मी बनवली."

"मग हवा कुठे आहे?"

आयुष्यात मी पुष्कळांना कमी लेखलं. साहेबांना, क्लार्कांना, खुर्चीत बसणाऱ्यांना. त्या ओट्यावर त्यांच्यातलं कोणीच हजर नव्हतं. टाकी होती आणि मी होतो.

बहीण टाकीजवळ बसली. चांगला डोळा जोडाजवळ नेला, नखाने सफेदा खरवडला आणि आतला धागा उपसला. तो उन्हात चमकला.

"हे साडीचं सूत आहे," ती म्हणाली.

"सूत ते सूत."

"हे पाणी पीत नाही, भाऊ. पॉलिस्टर आहे. ताग कसा ओला झाला की फुगतो, फुगला की भोक बुजवतो. मी इतकी पोती शिवली, मला सुताचं सांगतोस? पॉलिस्टरची गाठही बसत नाही, घसरते." मग माझ्याकडे बघून, "मिलमध्ये तुला कुठलं सूत द्यायचे?"

मिलच्या स्टोअरमधून तागच मिळायचा. पिवळट, खरखरीत, रॉकेलच्या वासाचा. पस्तीस वर्षं मी तो हातात घेतला आणि तो कशाचा असतो हे एकदाही बघितलं नव्हतं. स्टोअरवाला द्यायचा, मी गुंडाळायचो. स्टोअरवाल्याला तर मी कायम गाढव म्हणायचो. सुरतेत घरोघरी सूत आहे आणि ते सगळं न फुगणारं, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. 

"मुलाला फोन लाव," बहीण म्हणाली. "गाडी मागव. तू जा त्याच्यात. असल्या चाकावर मी यायची नाही."

"आणि तू?"

"मागच्या वर्षी नाही गेले, तसं या वर्षी."

फोन माझ्या खिशात होता. काढला तर मुलगा तासाभरात आला असता, आणि मी थंड गाडीत बसून, मागे रिकामी सीट घेऊन घरी गेलो असतो. मला तेव्हाच कळलं की मी जन्मभर कोणासमोर हरलो नाही त्याचं मोल आज या ओट्यावर चुकवायचं आहे.

"घरात पंप आहे का?" मी विचारलं. "सायकलचा."

असला हातपंप म्हणजे शाळेतल्या पोरांची वस्तू, हे मीच गल्लीत सगळ्यांना सांगितलं होतं. तिने माळ्याकडे बोट केलं. तिच्या नवऱ्याचा पंप गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. आतली चामड्याची चकती वाळून आकसली होती, दट्ट्या मोकळाच वरखाली होत होता. मी तो उघडला. बहिणीने वाटीत गोडेतेल आणलं. चकती तेलात बुडवून आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. कुरडयांवर माश्या बसत होत्या, त्या ती पदराने उडवत होती.

चकती मऊ झाली, बसवली, पंप धरायला लागला. मी पाय ठेवून मारायला लागलो. चाळीस-पन्नास झाले की छाती भरून यायची. मी थांबलो तेव्हा बहीण उठली, मला बाजूला सारलं आणि स्वतः मारायला लागली. दोन्ही हातांनी, पूर्ण वजन टाकून. ती दमली की मी. मी दमलो की ती. शेजारच्या दारातून एक बाई विचारत होती, "काकी, काय चाललंय?" बहीण म्हणाली, "माहेरची तयारी."

माझी पाळी संपली होती आणि ती मारत होती, तेव्हा तिने वर न बघता विचारलं, "मागच्या वर्षी तू का नाही आलास?"

"गाडी बरोबर नव्हती. चाक हवा सोडत होतं. हायवेवर तू मागे बसलेली असताना बसलं असतं तर?"

ती थांबली. "मग असंच सांगायचं होतं."

"असं कसं सांगणार?"

"तोंडाने," ती म्हणाली. "मला वाटलं मोठा झाला, ड्रायव्हर पाठवायला लागला. वर्षभर मी तेच धरून बसले."

ती परत पंप मारायला लागली.   मी तिच्या हातून पंप घेतला आणि उरलेली हवा मीच भरली. टायर बोटाने दाबून बघितलं. बहिणीनेही दाबून बघितलं, कारण माझ्या बोटावर तिचा भरवसा राहिला नव्हता.

तिने पिशवी भरली. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, आणि सुतळीच्या गोळ्यासारखा पोत्याच्या तागाच्या सुताचा एक गोळा. "हे घे तुझ्या टाकीला," म्हणाली. टाकी पुढे माझ्या पायांपाशी ठेवली, ती मागे बसली, आणि पंप मांडीवर उभा धरला, भालदारासारखा. अर्ध्या वाटेवर तिने मला थांबायला लावलं, उतरली आणि चाकात पंपाने थोडी हवा भरली. गरज नव्हती. मी नाही म्हणालो नाही.

नाक्यावर पंक्चरवाला बघत असेल. मागे बहीण बसलेली असताना मला त्याच्याकडे बघायला सुचलंच नाही. घरी बायको दारात उभी होती. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "टाकी चालली का?" बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "नाही चालली." दोघी आत गेल्या आणि बराच वेळ हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी बायका घागर मांडत होत्या तेव्हा मी अंगणात चारही जोड खोलले, ते चमकतं सूत उपसून काढलं आणि बहिणीचं पोत्याचं सूत सफेदा लावून गुंडाळलं. आवळलं. टाकी भरली. मग बायकोकडून कपड्यांचा साबण मागून घेतला, पाण्यात फेस केला आणि चारही जोडांवर लावला. एकही बुडबुडा आला नाही. बहीण दारात बसून बघत होती. चार दिवसांनी तिला परत चलथाणला सोडायचं होतं. मी टाकी स्कूटरवर बांधली, नाक्याच्या पंक्चरवाल्यासमोरून पुढे गेलो, पार उधन्याच्या बाजूला जाऊन एका दुकानात उभा राहिलो आणि मागच्या चाकाला नवी ट्यूब टाकायला सांगितली. ट्यूब बसवून झाल्यावर दुकानदाराने हवेचा पाइप ओढला. "राहू द्या," म्हणालो, टाकी खाली घेतली आणि हवा मी भरली.